अ‍ॅरिस्टॉटलचं पालथं घंगाळ आणि आपला रेग्युलेटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तारकर्लीला पहिली बुडी मारली, नंतर ओपन वॉटरचं कार्ड (स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र) काढलं, आता सप्टेंबरात ग्रीसला जाताय. कुठेतरी वाचलंत की स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन बुडी मारणं, मूळचं ग्रीकांचं, अ‍ॅरिस्टॉटलने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय आणि सिकंदर काचेच्या पिंपात बसून समुद्रतळाशी गेला होता. यातलं खरं किती, आणि तिकडे गेल्यावर त्यातलं काही स्वतः करून बघता येईल का?

सिकंदराचं आधी निकालात काढू. काचेच्या पात्राची गोष्ट त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी रचलेल्या अद्भुत कथांमधली आहे. मध्ययुगीन चित्रकारांना ती फार आवडली, म्हणून तिची चित्रं सगळीकडे दिसतात. त्याच्या मोहिमांचा जबाबदारीने इतिहास लिहिणाऱ्या एरियनकडे ती नाही. त्याच्याकडे आहे ती टायर या फिनिशियन बंदराच्या वेढ्याची हकिगत, इ.स.पू. 332 ची. टायरचे पाणबुडे पाण्याखालून येऊन मॅसिडोनियन जहाजांच्या नांगरांचे दोर कापायचे, तेव्हा मॅसिडोनियनांनी दोरांऐवजी साखळ्या लावल्या. पिंपापेक्षा या साखळ्या जास्त बोलक्या आहेत. पाण्याखाली माणूस काम करतो हे गृहीत धरून लष्कर आपलं सामान बदलत होतं.

आता अ‍ॅरिस्टॉटल. इथे घोळ होतो, कारण त्याच्या नावावर दोन वेगळी साधनं आहेत आणि लोक ती एकच समजतात. एक म्हणजे नळी. प्राण्यांच्या अवयवांवर लिहिताना तो हत्तीच्या सोंडेला पाणबुड्यांच्या श्वासाच्या साधनाची उपमा देतो: माणूस पाण्यात, हवा वरून. दुसरं साधन ‘प्रॉब्लेमाटा’ या प्रश्नसंग्रहात येतं. हा संग्रह त्याच्या नावावर असला तरी त्यात त्याच्या परंपरेतल्या लोकांनी पुढे बरीच भर घातली. तिथे म्हटलंय की पाणबुड्यांना श्वास घेता यावा म्हणून ‘लेबेस’ खाली सोडतात. तो पाण्याने भरत नाही, हवा धरून ठेवतो, मात्र सरळ खाली गेला पाहिजे, कलला की पाणी शिरतं. लेबेस म्हणजे रुंद तोंडाचं कांस्याचं भांडं. आपल्याकडचं घंगाळ डोळ्यासमोर आणा, फक्त पालथं.

नळी ही स्नॉर्केलची पूर्वज, आणि स्कूबाशी तिचा संबंध नाही म्हटलं तरी चालेल. नळीतून येणारी हवा पृष्ठभागावरच्या दाबाची असते आणि छातीवर बाहेरून दाब असतो पाण्याचा. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 100 ग्रॅम जादा दाब येतो. छाती-पोटाचं हजारेक चौरस सेंटीमीटर क्षेत्र धरलं तर शंभर किलोच्या आसपास ओझं झालं. ते उचलून श्वास आत ओढायचा. काही क्षण जमेल, काम करत राहणं अशक्य. दुसरी अडचण नळीतल्या शिळ्या हवेची. दोन सेंटीमीटर व्यासाच्या एक मीटर नळीत सव्वातीनशे मिलिलिटरच्या आत-बाहेर हवा मावते. साधा श्वास 500 मिलिलिटरचा, त्यातली 150 घसा आणि श्वासनलिकेतच राहते. म्हणजे फुप्फुसापर्यंत ताजी हवा पोचते जेमतेम 30-40 मिलिलिटर, बाकी तीच उच्छ्वासाची परत आत. आजचे स्नॉर्केल 40 सेंटीमीटरच्या आत ठेवतात ते यामुळेच. सिनेमात बोरूची लांब नळी तोंडात धरून नदीच्या तळाशी लपलेला माणूस दिसला की खुशाल हसा.

घंगाळाचं तसं नाही. त्याचं तोंड खाली उघडं, म्हणून आतली हवा त्या खोलीवरच्या पाण्याइतकीच दाबली जाते. दहा मीटरवर तिचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि आकारमान निम्मं. पाणबुड्या ती हवा घेतो तेव्हा छातीबाहेर आणि छातीच्या आत दाब सारखाच, म्हणून श्वास सहज येतो. तुमचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडर आणि तोंडाच्या मधली झडप, नेमकं हेच करतो: सिलिंडरमधली 200 बारची (वातावरणाच्या सुमारे 200 पट दाबाची) हवा तुम्ही आहात त्या खोलीच्या दाबावर आणून तोंडात देतो. तेव्हा ‘मूळ’ म्हणताना तत्त्व अभिप्रेत असेल, तर हो, स्कूबाचं मूळ या घंगाळात आहे. यंत्राची सलग वंशावळ अभिप्रेत असेल, तर नाही. ती एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्स-इंग्लंडमध्ये सुरू होते. आणि ‘हौस’ म्हणाल, तर ग्रीकांना हे ऐकून नवल वाटलं असतं. दुसऱ्या शतकातला कवी ऑपियन मासेमारीवरच्या काव्यात म्हणतो की स्पंज कापणाऱ्यांच्या कामाइतकं वाईट काम नाही.

घंगाळाचा हिशेब एकदा मांडून बघाच, म्हणजे ते कुठवर उपयोगी होतं ते कळेल. समजा भांडं 60 लिटरचं. ते हवेने भरलेलं असताना समुद्राचं पाणी त्याला सुमारे 61 किलोने वर ढकलतं. कांस्याचं वजन 15 किलो धरलं तर पाण्यात त्याचे 13 उरतात. राहिलेल्या 48 किलोंसाठी काठाला वजन बांधावं लागणार. दगड बांधले तर कोरडे साधारण 80 किलो, कारण दगडाचं वजन पाण्यात बरंच हलकं होतं. शिसं असेल तर 53 किलोत भागतं. हे वजन काठाखाली, तीन-चार ठिकाणी सारखं वाटून लोंबतं ठेवायचं. एका बाजूला जास्त झालं की भांडं कलतं, हवेचा मोठा बुडबुडा निसटतो, आणि मूळ ग्रंथातली ‘सरळ’ ही अट किती अनुभवाची होती ते पटतं. (आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी टाकलं तर वाया जातं, पाण्यात पालथा घडा घातला तर कामाला येतो.)

भांडं खाली जाऊ लागलं की हवा आक्रसते आणि वर ढकलणारा जोर कमी होतो. पृष्ठभागावर जे जेमतेम बुडत होतं ते दहा मीटरवर 30 किलोने जड झालेलं असतं, आणि तो सगळा भार दोरावर, म्हणजे होडीतल्या माणसांच्या हातावर. तुमचा बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जाकीट) खोलीवर गेल्यावर हवा का मागतो, त्याचं उत्तर हेच.

आणि हवा पुरते किती? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण ते ऑक्सिजन मोजतात. आधी मारतो तो कार्बन डायऑक्साइड. भांड्यात डोकं घालून तिथेच उच्छ्वास सोडत राहिलात, तर या वायूचा स्वतःचा दाब वातावरणाच्या दाबाच्या 0.05 पट झाला की धाप, डोकेदुखी आणि घबराट सुरू होते. दहा मीटरवर हवेची जागा 30 लिटर, म्हणजे मर्यादा दीड लिटर कार्बन डायऑक्साइडची. मध्यम मेहनत करणारा माणूस तो मिनिटाला लिटरभर सोडतो. दीड मिनिटात खेळ खलास! नुसतं स्वस्थ बसलात तर पाच-सहा मिनिटं. आणखी खोल नेलं तर हवा तीच पण जागा कमी, म्हणून मर्यादा आणखी लवकर येते. शहाणा वापर एकच: भांडं श्वासाची शिदोरी समजायचं. तोंड आत घालून तीन लिटरचा एक श्वास घ्यायचा, बाहेर येऊन काम करायचं, उच्छ्वास पाण्यात सोडायचा, परत यायचं. असे नऊ-दहा श्वास मिळतील, दर श्वासाला पाऊण मिनिट काम धरलं तर सात-आठ मिनिटं. शेजारी तुमचा 12 लिटरचा सिलिंडर ठेवून बघा: 200 बारला 2400 लिटर हवा, 50 बार राखीव सोडून 1800, दहा मीटरवर मिनिटाला 40 लिटर खर्च, म्हणजे 45 मिनिटं.

घंगाळात एक धोका दडलेला होता. दम रोखून जाणारा पाणबुडा वरून सहा लिटर हवा छातीत घेऊन निघतो. दहा मीटरवर ती तीन लिटर होते, वर आल्यावर पुन्हा सहा. काहीच बिघडत नाही, म्हणून तो वर येईपर्यंत दम रोखून धरतो आणि हीच सवय त्याच्या अंगात मुरलेली असते. त्याच माणसाने दहा मीटरवर घंगाळातून छाती भरून घेतली आणि सवयीने तोंड मिटून वर आला, तर त्या सहा लिटरचे बारा होऊ पाहतात. फुप्फुस फाटतं. छाती पूर्ण भरलेली असेल तर दीडेक मीटर खोलीसुद्धा त्याला पुरते. कोर्सच्या पहिल्या दिवशी ‘श्वास कधीही रोखू नका’ हे वाक्य कानीकपाळी ओरडून सांगतात, त्याची गरज माणसाने पाण्याखाली पहिल्यांदा दाबलेली हवा घेतली त्या दिवशी निर्माण झाली. स्वीमिंग पूलमध्ये उत्तम बुडी मारणारी मुलं स्कूबात नेमकी इथेच चुकतात, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

कानांचं काय? त्याच ‘प्रॉब्लेमाटा’त पाणबुड्यांचे कान का फुटतात, ते कानांभोवती स्पंज का बांधतात, कानात तेल का घालतात, असे प्रश्न आहेत. निरीक्षण अचूक, कारणं अंदाजाने. पडदा फाटतो तो बाहेरचा दाब वाढला आणि आतल्या पोकळीत तेवढी हवा गेली नाही म्हणून. पहिल्या तीन मीटरमध्येच हे होऊ शकतं, कारण टक्केवारीने दाब तिथेच सर्वांत वेगाने वाढतो. म्हणून दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी, नाक दाबून हलकेच फुंकायचं. दुखू लागल्यावर फुंकून उपयोग नसतो, घशातून कानाकडे जाणारी नळी दाबाने मिटलेली असते. मीटरभर वर येऊन पुन्हा प्रयत्न करायचा. ग्रीकांचा स्पंज निदान घात करत नव्हता, कारण त्यातून पाणी झिरपतं आणि आत घुसण्याचा झटका तेवढा कमी होतो. तेलाने कानाच्या आत-बाहेरचा दाब सारखा होत नाही. तुम्ही यातलं काहीच करू नका, आणि कानात इअरप्लग तर मुळीच घालू नका. प्लग आणि पडद्याच्या मध्ये हवा अडकते आणि पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जातो.

तेल तोंडात धरण्याची चाल मात्र मला खरोखर हुशारीची वाटते. ऑपियनचा स्पंज कापणारा कमरेला दोर बांधतो, एका हातात शिशाचं वजन आणि दुसऱ्यात धारदार कोयता घेतो, तोंडात तेल धरतो आणि तळाशी गेल्यावर ते थुंकतो. कवी म्हणतो की त्याने उजेड पडतो. तेल वर तरंगत जाऊन पृष्ठभागावर पसरतं आणि बारीक लहरी दबतात. त्या लहरींमुळे तळावर नाचणारी उजेडाची जाळी शांत होते. उथळ पाण्यात, वारा नसताना हे पटण्यासारखं आहे. खोल पाण्यात फारसा फरक पडणार नाही. मास्कचं काम मात्र त्याने होत नाही. उघड्या डोळ्याला पाण्यात धूसर दिसतं, कारण बुबुळावरच्या पारदर्शक पटलाची वक्रता हवेत असतानाच प्रकाश नीट वळवते. पाणी लागलं की ती ताकद जवळजवळ संपते. डोळ्यांपुढे हवेचा कप्पा हवा, आणि नाकही त्याच कप्प्यात हवं, नाहीतर खोलीवर मास्क चेहऱ्याला चिकटून डोळ्यांत रक्त उतरतं.

लढाईतल्या पाणबुड्यांची नोंद आहे, पण ती चाळणीतून घ्या. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की इ.स.पू. 480 मध्ये स्किऑने गावचा स्किलियास नावाचा पाणबुडा पर्शियनांकडून पळून ग्रीकांना मिळाला, आणि लोक म्हणतात तो 80 स्टेडिया, म्हणजे 14-15 किलोमीटर, पाण्याखालून आला. लगेच स्वतःचं मतही देतो: माझ्या मते तो होडीतून आला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा खवचटपणा! दुसरा इतिहासकार थुसिडिडीज, त्याची नोंद जास्त भरवशाची आहे. इ.स.पू. 425 मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर अडकलेल्या स्पार्टन सैनिकांना पाणबुड्यांनी कातडी पिशव्या दोराने ओढत अन्न पोचवलं: मधात कालवलेली खसखस आणि कुटलेलं जवस. वजनाला थोडं, पोटाला भरपूर.

आता मधली दोन हजार वर्षं ओलांडू, कारण ग्रीक स्पंजवाल्यांच्या पद्धतीत या काळात फारसा बदल झाला नाही. कालिम्नोस, सिमी, हाल्की या बेटांवरचे पाणबुडे स्कान्दालोपेत्रा नावाचा चपटा, गोलसर कडांचा दगड वापरत, साधारण 8 ते 14 किलोंचा, दोराला बांधलेला. तो हात ताणून पुढे धरायचा आणि डोकं खाली करून जायचं. दगड तिरपा केला की दिशा बदलते, आडवा केला की वेग कमी होतो. वर होडीत एक सोबती दोर हातात घेऊन असतो. दोर सैल पडला की त्याला कळतं की दगड टेकला. काम झालं की खालून हिसका, आणि तो ओढून वर घेतो. पाय मारावे लागत नाहीत, म्हणून ऑक्सिजन वाचतो, आणि माणूस शेवटपर्यंत दोराला असतो. सिमीच्या योर्गोस हाजी स्तात्तीने 1913 मध्ये कार्पाथोसजवळ ‘रेजिना मार्गेरिता’ या इटालियन युद्धनौकेचा हरवलेला नांगर 70 मीटरपेक्षा जास्त खोलीवरून असाच शोधून दिला.

या दुनियेत 1860 च्या दशकात तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख आला, वरून पंपाने हवा देणारा. त्याचं नाव ‘स्काफान्द्रो’. गंमत म्हणजे हा शब्द ‘होडी’ आणि ‘माणूस’ या ग्रीक शब्दांपासून एका फ्रेंच धर्मगुरूने 1775 मध्ये बुचाच्या तरंगत्या कपड्यांसाठी बनवला होता, आणि तो पॅरिसमार्गे घरी परतला. पोशाखामुळे 40 मीटरवर तासन्‌तास राहता येऊ लागलं, आणि नायट्रोजन रक्तात विरघळून भराभर वर येताना त्याचे बुडबुडे होतात हे कोणाला ठाऊक नव्हतं. माणसं मेली, बरीच पांगळी झाली. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बर्तने कारण 1878 मध्ये मांडलं, टप्प्याटप्प्याने वर येण्याची ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेनची कोष्टकं 1908 मध्ये आली. सिमीच्या स्पंजवाल्यांना 1900 मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळ प्राचीन जहाज सापडलं. पुढच्या वर्षी तिथे 45 मीटरच्या आसपास काम करताना एक पाणबुडा गेला आणि दोघे पांगळे झाले. त्यांनी वर काढलेल्या वस्तूंत ते प्रसिद्ध दातेरी चक्रांचं यंत्र होतं. कालिम्नोसवर आजही ‘मिहानिकोस’ नावाचा नाच होतो. त्यात पुढचा नाचणारा काठी टेकत, थरथरत्या पायांनी पावलं टाकतो. तो नाच या पांगळ्या पाणबुड्यांचाच आहे.

आपला सिलिंडर-रेग्युलेटर तिथून थेट आलेला नाही. मागेल तेवढीच हवा देणारी झडप रुकेरोल आणि देनेरूझ या फ्रेंचांनी 1860 च्या दशकात बनवली, कुस्तो आणि गान्यां यांनी 1943 मध्ये तिला उच्च दाबाच्या सिलिंडरशी जोडून चालवून दाखवलं, आणि ‘स्कूबा’ हे आद्याक्षरी नाव अमेरिकन डॉक्टर ख्रिश्चन लॅम्बर्टसन यांचं. घंगाळाच्या तत्त्वाला भांड्याऐवजी झडप मिळाली आणि माणूस दोरापासून सुटला. दोर सुटला म्हणून बडी, म्हणजे पाण्यात बरोबर राहणारा जोडीदार, लागतो. होडीतल्या सोबत्याचं काम आता तो करतो.

तुमच्या सहलीबद्दल. ग्रीसमध्ये हौशी डायव्हिंगवर प्राचीन वस्तूंच्या चोरीच्या भीतीने कडक निर्बंध होते, ते 2005 च्या कायद्याने बरेच सैल झाले. पाण्यातल्या खापराला हात लावणं मात्र आजही गुन्हा आहे; ‘एकच तुकडा आठवण म्हणून’ असा विचारसुद्धा नको. अलोनिसोस बेटाजवळ पेरिस्तेरा इथे इ.स.पू. पाचव्या शतकातलं मद्याचे रांजण भरलेलं जहाज आहे, 2020 पासून ते परवानाधारक गाइडबरोबर बघता येतं. खोली अंदाजे 21 ते 28 मीटर. तुमचं ओपन वॉटर कार्ड 18 मीटरपर्यंतचं, तेव्हा आधी अ‍ॅडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स करून घ्या, आणि मोसम आणि वारा बघूनच बुकिंग करा. कालिम्नोसला पोथिया गावात स्पंजवाल्यांचं सामान संग्रहालयात आहे. अँटिकिथेराचं यंत्र अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात.

स्कान्दालोपेत्रा करून बघायची असेल तर ती फ्रीडायव्हिंग, म्हणजे दम रोखून मारलेली बुडी आहे, स्कूबाचं कार्ड इथे कामाचं नाही. शिकवणारा माणूस, दोर धरणारा अनुभवी सोबती आणि पहिल्या दिवशी पाच-सहा मीटर, एवढंच. बुडीआधी धापा टाकल्यासारखे भराभर श्वास घेऊ नका. त्याने ऑक्सिजन वाढत नाही, श्वासाची निकड सांगणारा कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो आणि इशारा मिळायच्या आधीच शुद्ध जाते. ती जाते बहुधा वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये, कारण दाब उतरला की फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा जोरही उतरतो. सोबत्याशी वेळ आधी ठरवा: तेवढे सेकंद झाले की हिसका आला नाही तरी ओढायचंच. आणि क्रम लक्षात ठेवा, आधी दगड, मग सिलिंडर. स्कूबानंतर अंगात नायट्रोजन उरलेला असतो, म्हणून त्यानंतर निदान 24 तास दगड हातात घेऊ नका.